ब्लीकलोचा माथा: ६३३ मीटर बघून अर्धा दिवस ठरवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मँचेस्टरला येऊन आठ महिने झालेत, कळसूबाई तीनदा, राजगड-तोरणा, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड असं सगळं करून झालंय, आता ऑफिसातल्या दोन मित्रांबरोबर नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ब्लीकलो हा डोंगर करायचाय, उंची फक्त ६३३ मीटर दिसतेय, तर ग्लॉसपहून सकाळी निघून जेवायच्या वेळेला परत येता येईल का, आणि फोनवरचा मॅप पुरेल का.

दोन्हीचं उत्तर नाही असंच आहे. पण नुसतं नाही म्हणून थांबत नाही, कारण हा डोंगर मला मनापासून आवडतो आणि तुम्ही तो नीट बघावा असं वाटतं. मी गेली अकरा वर्षं पीक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे ब्लीकलो ज्यात येतो त्या डोंगराळ भागात, लोकांना घेऊन चालतो. इथे हिल अँड मूरलँड लीडर नावाचं सर्टिफिकेट असतं, कडेकपारी नसलेल्या मोकळ्या माळरानी डोंगरांसाठीचं, ते माझ्याकडे आहे. सह्याद्रीत वाढलेला माणूस इथे नेमका कुठे फसतो हे मला स्वतःवरून माहितीये, आणि नंतर ग्रुपमधल्या कितीतरी लोकांवरून.

आपल्या डोक्यात डोंगर म्हणजे काय असतं, खाली गाव, मग सोंड, मग कातळटप्पा, आणि वर माथा, जो खालपासून दिसत असतो आणि चढ संपला की आपण पोचलेलो असतो. चढ हीच दिशा. चुकलं तर वर बघायचं. ब्लीकलोला ते चालत नाही, कारण त्याला शिखर असं नाहीच. तो एक अवाढव्य सडा आहे असं समजा, कोकणात वर गेल्यावर लागतो तसा, फक्त जांभ्याऐवजी वर पीटचा जाड थर, म्हणजे हजारो वर्षं न कुजता साठत गेलेल्या वनस्पतींचा काळा, ओला, लोण्यासारखा मऊ चोथा, कुठे कमरेइतका तर कुठे दोन-तीन माणसं उभी बुडतील इतका खोल. या थरात पाण्याने घळी कोरल्यात, दोन-तीन मीटर खोल, वेड्यावाकड्या, एकातून दुसरी फुटलेली, इकडे त्यांना ग्रफ म्हणतात. तुम्ही एका ग्रफमध्ये उतरलात की दोन्ही बाजूला काळी भिंत आणि वर आभाळाची पट्टी एवढंच दिसतं. वर आलात की पुढे तसाच दुसरा. शेवटचा किलोमीटर चढ जवळजवळ नसतोच, त्यामुळे शरीराला माथा कुठे आहे ते कळत नाही. चढायला सोपा आणि सापडायला अवघड असा हा डोंगर आहे, आणि धुकं आलं की ही दुसरी गोष्टच खरी.

माझी पहिली खेप सांगतो. एप्रिल होता, खाली ऊन, वर ढग टेकलेला. वाट होती तोवर छान चाललो, मग एका ओल्या पट्ट्याला वळसा घालायला म्हणून डावीकडे सरकलो, मग अजून एका घळीला वळसा, मग अजून एक, आणि प्रत्येक वेळी मनात मी सरळच चाललोय असं पक्कं होतं. पाऊण तासाने समोर काळ्या चिखलात बुटाचे ताजे ठसे दिसले. मला बरं वाटलं की चला, कोणीतरी पुढे आहे. मग बघितलं तर तो माझ्याच बुटाचा सोल. त्या क्षणी पोटात जो खड्डा पडला तो आजही आठवतो. वारा नव्हता, पाऊस नव्हता, पाय धड होते, आणि तरी मी कुठे आहे ते मला माहिती नव्हतं. त्या दिवशी माथा न बघता मी कंपास धरून दक्षिणेला रस्त्यावर उतरलो आणि पुढचे दोन महिने फक्त नेव्हिगेशन शिकण्यात घालवले.

आता वाट. तुम्ही ट्रेनने येणार असं धरतो, पिकॅडिलीहून ग्लॉसपला थेट गाडी आहे, अर्धा तास लागतो. पहिल्यांदा जाताना ओल्ड ग्लॉसपमधून डॉक्टर्स गेट नावाच्या जुन्या वाटेने जा. ही वाट शेल्फ ब्रुक ओढ्याच्या काठाने दरीत आत आत जाते आणि मग चढून स्नेक पास या घाटरस्त्याच्या जवळ पेनाइन वेला मिळते. पेनाइन वे म्हणजे ईडेल ते स्कॉटलंडच्या हद्दीतलं कर्क येथम अशी २६८ मैलांची पायवाट, १९६५ मध्ये खुली झालेली. तिथून डावीकडे म्हणजे उत्तरेला वळायचं, डेव्हिल्स डाइक नावाच्या खोलगट चरातून पुढे, मग हर्न क्लफ या ओढ्याच्या बाजूने वर, हर्न स्टोन्स, वेन स्टोन्स आणि ब्लीकलो हेड, म्हणजे माथा. स्टेशनपासून जाऊन येऊन २० किलोमीटरच्या आसपास होतात. गाडी असेल तर स्नेक पासच्या माथ्यावरून, म्हणजे ५१० मीटरवरून सुरुवात करता येते आणि तिथून हेड चारेक किलोमीटर आहे, पण तिथे गाड्यांना जागा फार कमी, आणि खरं सांगायचं तर दरीतून वर येताना डोंगर कसा उघडत जातो ते त्यात हुकतं. ग्लॉसपहून येलोस्लॅक्सवरूनही एक वाट आहे, सुंदर आहे, पण वरच्या टोकाला ती पुसट होते, म्हणून ती दुसऱ्या खेपेला ठेवा.

नावांचं एक लक्षात ठेवा, नकाशावरचं स्पेलिंग बघून उच्चार करू नका, इकडचे लोक ओढ्याच्या दरीला क्लफ म्हणतात आणि पीटच्या घळीला ग्रफ. फोनवर कोणाला आपली जागा सांगायची वेळ आली तर हे उच्चार कामाला येतात.

वेळेचा हिशोब. १८९२ पासून चालत आलेला नेस्मिथचा नियम आहे, तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे १० किलोमीटर आणि ५०० मीटर चढ, कागदावर तीन तासात हेडवर. हा नियम चांगल्या वाटेवर, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. मूरवर, म्हणजे अशा मोकळ्या माळरानावर, मी वाटेवरचा वेग तासाला तीन-साडेतीन धरतो, आणि वाट सोडून ग्रफांमधून जायचं असेल तर दीड ते दोन किलोमीटर, त्याच्या वर नाही. कारण नकाशावर जो अर्धा किलोमीटर दिसतो त्यात तुम्ही दहा वेळा उतरता आणि दहा वेळा गुडघा टेकून चढता, आणि प्रत्येक वेळी घळ ओलांडायला बरी जागा शोधत थोडं वाकडं जाता. तेव्हा पूर्ण फेरीला सात तास धरा, नवख्या ग्रुपला आठ. नोव्हेंबरच्या मध्यात इथे सूर्य साडेसातच्या पुढे उगवतो आणि सव्वाचारच्या आत मावळतो. म्हणजे एकूण उजेड साडेआठ तास. आता तुमचा जेवायला परत यायचा बेत या हिशोबात बसवून बघा.

नेव्हिगेशनवर जरा जास्त बोलतो कारण या डोंगराचा जीव तिथे आहे. नकाशा कागदाचाच घ्या, ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्स्प्लोरर ओएल १, डार्क पीक एरिया, १:२५,००० चा. त्यावर दोन कंटूरमध्ये, म्हणजे समान उंचीच्या रेषांमध्ये, उंचीचा फरक १० मीटर असतो आणि ब्लीकलोच्या माथ्यावर एकेक ग्रफ दोन-तीन मीटरचा, म्हणजे जी गोष्ट तुम्हाला प्रत्यक्षात सगळ्यात जास्त त्रास देणार ती कंटूरमध्ये दिसतच नाही. निळ्या बारीक रेषा दिसतात, पण कुठली रेषा कुठली घळ हे जागेवर ओळखणं मला आजही दरवेळी जमतं असं नाही. म्हणून घळींवरून जागा ओळखायच्या नादाला लागू नका. मोठ्या गोष्टी धरा, ओढ्यांचा संगम, दगडांचे ठळक समूह, कुंपण, उताराची दिशा. उताराची दिशा हे तर सगळ्यात विश्वासाचं साधन आहे आणि लोक ते वापरतच नाहीत. तुम्ही जिथे उभे आहात तिथून जमीन कुठल्या बाजूला उतरतेय ती दिशा कंपासवर घ्या आणि नकाशावर तशी उतरण कुठे आहे ते बघा, अर्ध्या शक्यता तिथेच बाद होतात. सध्या ब्रिटनमध्ये चुंबकीय उत्तर आणि नकाशावरची उत्तर यात फरक फारच थोडा आहे, त्यामुळे नवीन माणसाला बेअरिंगमध्ये, म्हणजे कंपासवर धरलेल्या दिशेच्या अंशांत, बेरीज-वजाबाकी करत बसावं लागत नाही, ही एक सोय.

पावलं मोजायला शिका. डावा पाय टेकला की एक असं मोजायचं, सपाट वाटेवर माझी १०० मीटरला ६४ होतात, हेदरच्या झुडपांत ७५, ग्रफांमध्ये आकडा इतका बदलतो की तिथे मी घड्याळही बघतो. तुमचा आकडा तुम्ही घराजवळच्या पार्कमध्ये काढून ठेवा, डोंगरावर नको. मग डेव्हिल्स डाइक संपल्यावर कुठल्या दिशेला किती वेळ चाललो हे मनात चालू राहतं आणि वीस मिनिटं झाली तरी अपेक्षित ओढा आला नाही तर तुम्ही चुकलात हे वीस मिनिटांतच कळतं, दोन तासांनी नाही. दुसरं म्हणजे मुद्दाम बाजूला नेम धरायचा. समजा ओढ्याकाठच्या एका खुणेला जायचंय, तर थेट तिच्यावर नेम धरला आणि ओढ्याला लागलात पण खूण नाही दिसली, तर ती डावीकडे की उजवीकडे हे कळणार नाही. म्हणून आधीच शंभर मीटर डावीकडे नेम धरायचा, ओढा लागला की उजवीकडे वळायचं, संपलं.

ग्रफच्या तळाशी बऱ्याचदा पीट वाहून जाऊन खडीची छान टणक जमीन उघडी पडलेली असते, आणि दमलेल्या माणसाला वाटतं की याच्यातूनच चालू, आपोआप वाट मिळेल. हा मोह सगळ्यात वाईट. ब्लीकलो हा पाणलोटाचा डोंगर आहे, त्याच्या पश्चिमेचं आणि उत्तरेचं पाणी एथराऊ नदीतून मर्सीला आणि आयरिश समुद्राला जातं, आणि पूर्वेचं, दक्षिणेचं अलपोर्ट, वेस्टएंड, डरवेंट असं करत ट्रेंटमधून उत्तर समुद्राला. वर सपाटीवर हे दोन उतार इतके हलके आहेत की पायाला जाणवत नाहीत. सह्याद्रीत आपण शिकलेलो असतो की ओढ्याने उतरू नये कारण पुढे कडा आणि धबधबा. इथे तसा कडा फारसा नाही, पण तुम्ही ग्लॉसपकडचा समजून पूर्वेकडचा ओढा धरलात तर तो तुम्हाला एका लांबच लांब, निर्मनुष्य दरीत घेऊन जातो, जिथून पहिलं घर किंवा रस्ता यायला कित्येक तास जातात, आणि तोवर अंधार झालेला असतो.

१९६४ च्या मार्चमध्ये याच भागात फोर इन्स नावाच्या लांब पल्ल्याच्या चालण्याच्या स्पर्धेत तीन तरुण रोव्हर स्काउट गारठून मरण पावले. बर्फाच्या शिखरावर नाही, इथे, पाऊस, वारा आणि थंडी यांच्यामुळे. त्या घटनेनंतर पीक डिस्ट्रिक्टच्या बचाव पथकांची एकत्र संघटना उभी राहिली. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. दोन-चार अंशांचा पाऊस आणि जोराचा वारा ही इथली सगळ्यात धोक्याची हवा आहे हे आपल्याकडच्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही, कारण आपण पावसात चालायला सरावलेलो असतो, आपल्याला पाऊस आवडतो, भिजलो तरी आपल्याकडे हवा उबदार असते. इथे भिजणं आणि गारठणं यात अर्ध्या तासाचं अंतर असतं.

म्हणून कपडे. जीन्स नाही, कॉटनचा टीशर्ट नाही, कॉटनचे मोजे नाहीत. अंगाला लागून लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा थर, वर फ्लीस, सगळ्यात वर खरोखरचं वॉटरप्रूफ जॅकेट आणि वॉटरप्रूफ पँटसुद्धा, पँट लोक घेतच नाहीत. टोपी, आणि हातमोजे दोन जोड, कारण पहिला जोड ग्रफ चढताना हात टेकून टेकून भिजतोच आणि गारठलेल्या बोटांनी ना कंपास धरता येतो ना चेन लावता येते. गेटर घ्या, त्याने बुटात चिखल शिरत नाही. बूट घोट्याच्या वर येणारे, पण नवे कोरे नकोत. हेडटॉर्च प्रत्येकाकडे वेगळी, तिघांत एक नाही. थर्मासमध्ये गरम काहीतरी. आणि चालताना वापरतो त्यापेक्षा वेगळं एक जाड उबदार जॅकेट पिशवीत कोरडं ठेवा, थांबल्यावर घालायचं. तिघांसाठी एक ग्रुप शेल्टर घ्याच, म्हणजे पातळ कापडाची मोठी पिशवी, सगळे आत बसून अंगाखाली दाबून घेतात, दोन मिनिटांत आत ऊब येते. मी तर जेवायलासुद्धा तीच वापरतो.

पाय कुठे टाकायचा हे झाडझाडोरा सांगतो. हेदर आणि बिलबेरीची झुडपं असतील तिथे जमीन त्यातल्या त्यात कोरडी. पांढरी कापसासारखी बोंडं डोलणारं कॉटन ग्रास दिसलं की ओल आहे, पण त्याच्या गड्ड्यांवर पाय टाकत जाता येतं. एकदम चमकदार हिरवं किंवा लालसर मऊ शेवाळ, ते स्फॅग्नम, त्याच्यावर पाय टाकायचा नाही, ते पाण्यावर तरंगणारी गादी असते. उघडा काळा पीट वर सुकून भेगाळलेला असेल तर चालतो, चकाकत असेल तर काठीने टोचून बघा. घळ ओलांडताना उडी मारायची नाही, समोरची कड आतून पोखरलेली असते आणि ती घेऊनच माणूस खाली येतो. जिथे बाजूची छोटी घळ येऊन मिळते तिथे उतार बरा असतो, तिथून उतरा आणि तशाच जागेतून चढा. मांडीपर्यंत रुतलातच तर घाबरून उभ्याने जोर लावू नका, पुढे ओणवे व्हा, वजन पसरा आणि पाय हळूहळू मागे ओढून घ्या, दुसऱ्याने काठी पुढे करायची, हात नाही. आणि पेनाइन वेवर जिथे फरशा टाकल्यात तिथे फरशीवरूनच चाला, ओल्या असतात, घसरतात, पण सोडू नका.

हे शेवटचं मी फक्त तुमच्या पायांसाठी सांगत नाहीये. पीट चांगल्या स्थितीत असेल तर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे एक मीटर व्हायला हजार वर्षं. ब्लीकलोच्या एका बाजूला मँचेस्टर आणि दुसऱ्या बाजूला शेफील्ड, दीडशे-दोनशे वर्षं दोन्हीकडच्या गिरण्या-भट्ट्यांचा धूर आणि ॲसिडचा पाऊस या डोंगराने खाल्ला, स्फॅग्नम मेलं, त्यात आगी लागल्या, मेंढ्यांनी चरून घेतलं, आणि मैलच्या मैल काळी उघडी माती राहिली जी प्रत्येक पावसात वाहून जायची. जुने फोटो बघाल तर चंद्रावरची जमीन वाटते. २००३ पासून मूर्स फॉर द फ्यूचर नावाच्या उपक्रमातून इथे काम चालू आहे, हेलिकॉप्टरने चुना, खत आणि गवताचं बी टाकलं, उतारांवर तागाची जाळी अंथरली, घळींमध्ये दगडाचे, लाकडाचे, काथ्याच्या ओंडक्यांचे बांध घातले, मग स्फॅग्नमची बारकी रोपं हाताने लावली. ताग आणि काथ्या इतक्या लांब येऊन हा डोंगर धरून ठेवतायत हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तिथेच थांबून ती जाळी हाताने चाचपून बघितली होती. आज तुम्हाला जे हिरवं दिसेल त्यातलं बरंचसं या कामामुळे परत आलंय. म्हणून बांधावर पाय देऊन घळ ओलांडू नका, आणि शेकोटी, स्टोव्ह, सिगरेट यातलं काहीही वर नको. सुकलेला पीट जमिनीखालून दिवसेंदिवस धुमसत राहतो, २०१८ च्या उन्हाळ्यात इथून उत्तरेला सॅडलवर्थ मूर पेटलं तेव्हा विझवायला लष्कर आणावं लागलं होतं.

आता माथा. हर्न क्लफ संपून ओढा बारीक होतो तिथून पुढे जमीन सपाट होत जाते आणि बऱ्याच वाटा फुटतात, प्रत्येक माणसाने ओला भाग चुकवायला केलेली नवी वाट. इथे वाटेवर विश्वास सोडून बेअरिंगवर यायचं. वेन स्टोन्स हे मोठे दगड दिसले की हेड अगदी जवळ आलं, त्यातले दोन दगड एका विशिष्ट बाजूने बघितले तर दोन चेहरे एकमेकांचं चुंबन घेतायत असे दिसतात, त्यामुळे ओळखायला खात्रीचे. तिथून पुढे एक मोठा दगडांचा ढीग आहे, तेच ब्लीकलो हेड. ट्रिग पॉइंटचा, म्हणजे जमीन मोजणीसाठी उभारलेला खांब तिथे नाही, तो शोधत बसू नका, तो दुसरीकडे हायर शेल्फ स्टोन्सवर आहे.

आणि पोचल्यावर पहिली गोष्ट, फोटोच्या आधी, डब्याच्या आधी, परतीची दिशा कंपासवर लावून ठेवा. ब्लीकलोवर लोक वर येताना जितके चुकतात तितकेच खाली निघताना चुकतात. कारण असं की ढिगाभोवती माणूस दहा पावलं फिरतो, वाऱ्याला पाठ करून बसतो, खातो, उठतो तेव्हा आपण कुठून आलो ती बाजू डोक्यातून गेलेली असते, चारी दिशांना सारखंच दिसतं, वाटा सगळीकडे जातात, आणि त्यातली सगळ्यात मळलेली वाट धरून माणूस निघतो. ती पेनाइन वेचीच पुढची वाट असू शकते, जी पश्चिमेला वळून टॉरसाइडच्या तलावाकडे उतरते, म्हणजे तुमच्या स्टेशनच्या भलत्याच बाजूला. माझा एक नियम आहे, ढिगाशी पोचल्यावर काठी परतीच्या दिशेला टोक करून जमिनीवर ठेवायची आणि निघेपर्यंत कोणी उचलायची नाही.

हेडपासून दक्षिणेला, जरा पश्चिमेकडे झुकून, सव्वा किलोमीटरवर हायर शेल्फ स्टोन्स आहे, ६२१ मीटर, तिथे ट्रिग आहे आणि ग्लॉसपकडचं खरं दृश्यही तिथूनच दिसतं. त्याच्या जवळच एका अमेरिकन बी-२९ विमानाचे अवशेष विखुरलेत, ओव्हर एक्स्पोज्ड असं त्याचं नाव होतं, ३ नोव्हेंबर १९४८ ला ढगात असताना ते या सड्यावर आदळलं आणि आतली तेराच्या तेरा माणसं गेली. इंजिनं, चाकं, पत्रे अजून पीटमध्ये पडून आहेत. बरेच लोक फक्त ते बघायला येतात. गेलात तर शांतपणे बघा, काही उचलू नका, चढू नका, तिथे स्मृतिशिळा आहे, लोक अजूनही फुलं ठेवतात. पण हा सव्वा किलोमीटर वाट सोडून ग्रफांमधला आहे, दिसत असेल तरच करा. धुक्यात पहिल्या खेपेला नको.

हवामानासाठी शहराचा अंदाज बघू नका. मेट ऑफिसचा पीक डिस्ट्रिक्टसाठी वेगळा डोंगरी अंदाज असतो, त्यात माथ्यावरचा वारा, ढग किती उंचीवर टेकणार आणि जाणवणारं तापमान दिलेलं असतं. वारा तासाला ३५-४० मैलांच्या वर असेल तर मी ग्रुप नेत नाही. ढग ५०० मीटरच्या खाली राहणार असेल आणि तुमच्यापैकी कोणी कंपासवर धुक्यात चाललेलं नसेल तर तो शनिवार सोडून द्या.

फोन घ्या, नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून घ्या, पण तो खिशात आतल्या बाजूला उबेत ठेवा, थंडीत बॅटरी भसकन उतरते आणि ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. वर नेटवर्क कुठे आहे कुठे नाही. निघायच्या आधीच ९९९ ला रजिस्टर असा एसएमएस पाठवून नोंदणी करून ठेवा, मग कॉल लागत नसेल तेव्हा मेसेजवर मदत मागता येते. कॉल लागला तर आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू, आणि ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून काढलेला आपल्या जागेचा आकडा, सांगायचा. ही पथकं पूर्ण स्वयंसेवकांची असतात आणि पैसे घेत नाहीत, तेव्हा खरी गरज असताना लाजून उशीर करू नका, उजेड असताना केलेला फोन त्यांनाही सोपा जातो. शिटी असू द्या, मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं.

कोणाची परवानगी लागते का असंही तुम्ही विचारलंत. नाही. २००० च्या कायद्याने हे सगळं मूर पायी चालणाऱ्यांना खुलं आहे, एक्स्प्लोरर नकाशावर फिकट पिवळसर रंगाने दाखवलेलं असतं. आगीचा धोका वाढला की काही दिवस बंद करू शकतात, तेवढं आधी बघा. हा हक्क आपोआप नाही मिळालेला, शेजारच्या किंडर स्काउट या डोंगरावर २४ एप्रिल १९३२ ला गिरणी-कारखान्यांतली शेकडो तरुण मुलं बंदी मोडून चढली होती, त्यातली पाच तुरुंगात गेली. मी प्रत्येक नव्या ग्रुपला हे सांगतो.

नोव्हेंबरात जाण्याचा एक फायदाही आहे. इथल्या डोंगरी सशांचा रंग याच सुमाराला पांढरा व्हायला लागतो आणि बर्फ अजून पडलेला नसतो, त्यामुळे काळ्या पीटवर ते लांबूनही उठून दिसतात. एखादा तर हमखास दिसेल.

तर माझं म्हणणं असं, निवड तुमच्या हातात असेल तर पहिली खेप मे किंवा जूनच्या सुरुवातीला करा, रात्री नऊनंतरही उजेड असतो, चुकायला आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. नोव्हेंबरच ठरलं असेल तर पुढचे दोन रविवार कंपास घेऊन खालच्या दरीतल्या वाटांवर सराव करा. मग त्या शनिवारी आठ वाजता ग्लॉसप स्टेशनवरून चालायला लागा, कोणा घरच्या माणसाला वाट आणि परतीची वेळ लिहून द्या, बी-२९ चा विचार सोडा, आणि साडेबाराला जिथे असाल तिथून मागे फिरा, हेड शंभर पावलांवर आहे असं वाटलं तरी. साडेतीनपर्यंत डॉक्टर्स गेटच्या दरीत उतरलेलं असायला हवं. त्याच्या पुढची वाट ओढ्याकाठची आणि ठळक आहे, ती अंधारात हेडटॉर्च लावून आरामात होते.